नाव घेण्याचा पाठ

हिवाळ्यात मुलुंडला दुपारचं ऊन टेकड्यांच्या बाजूनं येतं, आणि चार वाजायच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या अरुंद बाल्कनीत ते तिरकं, पिवळसर, थोडं धुळकट होऊन उतरतं. तिथल्या कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्यांवर कपडे नसत. चिमट्यांनी लावलेले पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे असत, आणि त्यांच्यासमोर पांढऱ्या आखूड केसांची, खळ घातलेल्या सुती साडीतली एक ठेंगणी बाई हात मागे बांधून उभी असे. मध्येच ती एक चिमटा काढी, टक्, पुठ्ठा उचलून चार पुठ्ठ्यांपलीकडे नेऊन लावी, टक्, आणि हात पुन्हा मागे जात. ताईंची आठवण झाली की मला आधी तो आवाज ऐकू येतो, चेहरा सावकाश मागाहून येतो.

ताई नात्यानं माझ्या कुणी नव्हेत. आमच्या भागात त्यांना सगळेच ताई म्हणत. महापालिकेच्या एका रुग्णालयात त्यांनी वाचा गेलेल्या माणसांना बोलतं करण्यात उभी हयात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसायचं सोडून त्या एक अभ्यासक्रम रचत होत्या. तोही रुग्णांसाठी नव्हे, रुग्णांच्या घरच्यांसाठी. आठ शनिवार, तीन ते पाच, सोसायटीच्या हॉलमध्ये. दोरीवरचा एकेक पुठ्ठा म्हणजे पाठाचा एकेक तुकडा. कुठला आधी घ्यायचा, कुठला मागाहून, कुठला अजिबातच नको, हे ठरवायला त्यांना दोरीच लागे. वहीत लिहिलेलं तिथेच घट्ट होऊन बसतं आणि मग आपणच त्याच्या मागून फरफटत जातो, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा निव्वळ आचरटपणाचं वाटलं होतं, हे आधीच कबूल करून टाकते.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती बाबांमुळे. गौरी-गणपती होऊन आठवडा झाला असेल, एका सकाळी बाबांच्या हातून चहाचा कप सुटला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. विमा कार्यालयात हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं भल्याभल्यांना झापलेला तो खणखणीत आवाज एकाएकी बंद झाला. उरला एकच शब्द, 'मग'. पाणी हवं असलं तरी मग, डास चावला तरी मग, आणि आपल्याला काही कळत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलं तरी मग, मग, मग. समजत सगळं होतं. बाहेर मात्र तेवढंच पडायचं. आईनं डॉक्टरांना फारसं काही विचारलं नाही. पण एकदा ताटं पुसता पुसता मला म्हणाली, की ते चालले नाहीत तरी मी सांभाळीन गं, फक्त एकदा मला हाक मारू देत. बाबांची हाक म्हणजे तरी काय, 'ऐकलंस का!' पण पंचेचाळीस वर्षं तीच तिच्या कानात बसलेली. त्या हाकेवाचून घर तिला परक्याचं वाटायला लागलं होतं, आणि तिच्याकडे बघून माझा जीव तुटायचा.

म्हणून मी ताईंकडे गेले. बाबांची फाईल पुढे ठेवली, सगळी कर्मकथा सांगितली. ताई ऐकून गप्प. इतक्या गप्प, की बाईंना ऐकायला कमी येतं की काय, अशी मला शंका आली. मग शांतपणे म्हणाल्या, की आता मी रुग्ण घेत नाही, पण तुझी आई शनिवारी येऊ शकेल का, आणि तुला मराठी टायपिंग येतं का? मी छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करते, तेव्हा येतं म्हणाले. त्यांनी पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा माझ्या हातात दिला. पेशंटची फाईल घेऊन गेले होते, काम घेऊन परत आले. रिक्षात मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ पहिल्या शनिवारी लागला. पाच घरांतली माणसं आली होती, सगळ्या बायकाच, आणि प्रत्येकीला जिभेचे व्यायाम हवे होते. ताईंचा पहिला पाठ होता 'थांबणे'. प्रश्न विचारायचा आणि बोटांवर दहा मोजेपर्यंत तोंड उघडायचं नाही. झालं, कुजबुज सुरू. एवढ्यासाठी का आम्ही स्वयंपाक उरकून धावत आलो, असं प्रत्येकीच्या कपाळावर लिहिलेलं. पण ताईंनी आम्हाला आमचंच घर दाखवलं: माणूस 'मग' म्हणतो, की लगेच आपण चहा का? पाणी का? पंखा लावू? टीव्ही? अशी फैर झाडतो, आणि त्याच्या तोंडाशी येऊ घातलेला शब्द आपल्या मायेच्या लोंढ्यात वाहून जातो. आईनं मान खाली घातली. आमच्या घरी सकाळपासून तेच चालायचं. ताईंनी स्वतः ती दहाची मोजणी इतकी अंगी मुरवली होती, की भाजीवाल्यानं 'मेथी देऊ का?' विचारलं तरी त्या तेवढाच वेळ घेत. त्यांच्याशी बोलताना माणूस आपोआप सावकाश होत जाई, त्याचा स्वर उतरे. त्यांच्या मौनात बसायला जागा असायची.

दुसऱ्या शनिवारी मात्र गाडी रुतली. दुसरा पाठ होता 'नावाने हाक'. सगळे शब्द पुसट झाले तरी स्वतःचं नाव माणसाला आतून हलवतं, म्हणून घरच्यांनी दिवसातून अनेकदा समोर बसून, डोळ्यांत बघून त्याला नावानं हाक मारायची, पुढचे सगळे पाठ या हाकेवर उभे राहायचे. मी हा पाठ टाईप केला होता, दोनदा तपासला होता, आणि मलासुद्धा त्यात काही खटकलं नव्हतं. हॉलमध्ये ताईंनी तो सांगितला आणि पाचही बायकांची पेनं थांबली. कुणी पदराशी चाळा करतंय, कुणी खिडकीबाहेर बघतंय. माझी आई तर नव्या नवरीसारखी लाजून बसली. शेवटी सावंतकाकू बोलल्या. नवरा गिरणीत होता, गिरणी गेल्यावर त्यानं रखवालदारी केली, आणि सहा महिन्यांपासून तो खाटेवर होता. एरवी काकू कुणाला ऐकणाऱ्यातल्या नव्हेत. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "माका नाय जमाचा हां ताई. पन्नास वर्सां संसार केलंय, पण घोवाचा नाव कधी तोंडातून काढूक नाय."

ताई दहा मोजून थांबल्या, वीस मोजून थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी बघितला. मग हातातला पुठ्ठा त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

"माझं लग्न झालं नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून हे मला दिसलं नाही. रुग्णालयात नाव मी घ्यायची. तुम्ही घरच्या बायका बाजूला उभ्या असायचात, आणि मला वाटायचं, तुम्ही शिकताय."

इतक्या वर्षांच्या कामातली चूक पाच बायकांसमोर अशी उघडी करायला केवढी छाती लागते! माझ्या हातून तरी ते झालं नसतं. मी काहीतरी सारवासारव केली असती, वेळ संपली म्हणाले असते. ताईंनी पुढचा शनिवार रद्द केला, आणि तिथे माझं डोकं फिरलं. बाबांना झटका येऊन चार महिने होत आले होते. पहिल्या काही महिन्यांत जे परतेल ते परतेल, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि इकडे ही बाई वर्ग बंद करून दोरीवर पुठ्ठे हलवत बसणार! बाल्कनीत जाऊन मी त्यांना सरळ म्हटलं, की तो पाठ गाळा, 'अहो' म्हणू द्या, तिसऱ्यापासून पुढे चला. ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, की 'अहो' जगातल्या कुठल्याही पुरुषाला म्हणता येतं, पोस्टमनलासुद्धा. पाया नसताना मी तिसरा मजला बांधणार नाही. मी चपला घालून निघाले. जिन्यात माझ्या मागून आवाज येत होता, टक्, टक्.

त्या आठवड्यात संक्रांत होती. आमच्या इमारतीत हळदीकुंकू होतं, आणि आईनं, तिच्या स्वभावाला धरून, आदल्या भांडणाचं काहीएक मनावर न घेता ताईंना बोलावलं, सावंतकाकूंनाही. ताई असल्या समारंभांना जात नसत. पण आल्या, दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसल्या. हातावर तिळाची वडी, मांडीवर वाणाची डबी. बायकांची नेहमीची थट्टा सुरू झाली, नाव घ्या, नाव घेतल्याशिवाय वाण नाही, आणि एकीनं सावंतकाकूंना पुढे ढकललं. काकूंनी पदर सावरला आणि एका दमात म्हणून टाकलं: गिरणीचा भोंगा झाला, सुटलं सगळं काम, जिना चढून दमले माझे दत्ताराम. टाळ्या पडल्या. काकू पुढच्या बाईला कुंकू लावायला वळल्यासुद्धा.

ताई उठून उभ्या राहिल्या होत्या. वडी हातात तशीच. मला कोपऱ्यात ओढून त्यांनी विचारलं, "या आत्ता नाव घेऊन गेल्या ना?" मी म्हटलं, अहो ताई, तो उखाणा आहे. त्यात घेतातच. त्यांचे डोळे असे चमकत होते, की क्षणभर मला त्या विशीतल्या वाटल्या. ज्या नावाला पन्नास वर्षं जीभ शिवली नाही, ते यमकाच्या आडून बिनदिक्कत बाहेर आलं होतं, आणि 'काम' म्हटल्याबरोबर 'राम' आपल्या पायांनी चालत आला होता. वाचा गेलेल्या माणसाला आरती येते, पाढे येतात, हे ताईंना पाठ होतं. घरच्यांच्या तोंडीही असंच काही पाठ असेल, तिकडे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

मग जे झालं त्याला मी झपाटणं म्हणेन. तीन दिवस मी छापखान्यातून सुटले की थेट त्यांच्याकडे, आणि रोज दोरीचा नकाशा नवा. दुसरा पाठ झाला 'उखाणा'. तिसऱ्यात नवऱ्यासमोर बसून तोच उखाणा म्हणायचा आणि नाव यायच्या आधी थांबायचं, म्हणजे गाळलेलं नाव त्यानं भरायचं. पण त्यासाठी नाव अगदी शेवटी यायला हवं, आणि अर्ध्याअधिक उखाण्यांत ते मध्येच येतं. झालं, ताईंनी साऱ्या बायकांना कवी करून सोडलं. चाळीस वर्षं वाक्य म्हणजे कर्ता, कर्म, क्रियापद असं शिकवणारी ही शिस्तीची बाई फोनवर सावंतकाकूंशी यमकांबद्दल अर्धा अर्धा तास बोलायला लागली. आईनं दोन रात्री खपून आपला उखाणा नव्यानं बांधला: दिवा लावला देव्हाऱ्यात, घर झालं शांत, जन्मभराचे सोबती माझे रमाकांत. पहिल्यांदा तिनं तो माझ्यासमोर म्हटला, तेव्हा शेवटच्या शब्दाला तिचा आवाज इतका बारीक झाला, की मीच दुसरीकडे बघितलं.

पुढचे शनिवार त्या पायावर एकेक करून उभे राहिले. घरी आई रोज दुपारी बाबांसमोर स्टूल ओढून बसे. घर झालं शांत, जन्मभराचे सोबती माझे... आणि थांबे. बाबा तिच्या ओठांकडे बघत राहत. मग म्हणत, "मग." ती दहा मोजे. पुन्हा म्हणे. माघ सरला, टेकड्यांवरचा पळस लाल झाला, दुपारचं ऊन डोळ्यांना बोचायला लागलं. पण आईची बैठक चुकली नाही आणि बाबांचा 'मग' काही हलला नाही. सावंतकाकूंच्या नवऱ्याला मधल्या एका रविवारी 'राम' जमलं. त्या दिवशी आईनं त्यांच्याकडे डबाभर गोड शिरा पाठवला आणि स्वतः संध्याकाळी जेवली नाही. मला ताईंचा, अभ्यासक्रमाचा, उखाण्यांचा, सगळ्याचाच राग आला होता. ताईंनी आईला आशा लावली आणि आता तीच तिला खातेय, असं मी त्यांना फोनवर बोलले. त्या ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, की उद्याही बसू दे तिला.

आठव्या शनिवारी रुग्णांनाही हॉलमध्ये आणायचं होतं. बाबांना मी चाकाच्या खुर्चीतून नेलं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. प्रत्येक जोडीनं समोरासमोर बसायचं, उखाणा म्हणायचा, आणि ताई हातातल्या तक्त्यावर खूण करणार. तक्त्यात तीन रकाने: बरोबर, मदतीने, चूक. आईची पाळी आली. तिनं पदर खोचला, नीट बसली, आणि वर्गातल्या मुलीसारखं स्पष्ट म्हटलं, "दिवा लावला देव्हाऱ्यात, घर झालं शांत, जन्मभराचे सोबती माझे..."

बाबांचे ओठ हलले. पंखा गरगरत होता. त्यांनी डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि अडखळत, पण स्वच्छ म्हणाले, "इंदू."

कुणालाच काही कळेना. यमक चुकलं होतं, नाव चुकलं होतं. ताईंची पेन्सिल तिसऱ्या रकान्यावर होती. त्या हलकेच आईकडे वाकल्या.

"इंदू कोण?"

"मी," आई म्हणाली.

बाकीचं तिनं नंतर सांगितलं. इंदू हे तिचं माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं रजनी असं नवं नाव लिहिलं गेलं, ते सासूबाईंनी निवडलेलं. त्या दिवसापासून इंदू हे नाव या घरात कुणी उच्चारलं नाही. रेशनकार्डावर रजनी, पत्रांवर रजनी, मलासुद्धा ठाऊक नव्हतं. बाबांनी तिला रजनी म्हणून कधी हाक मारली नाही, हे आम्ही त्यांच्या तऱ्हेवाईकपणात जमा केलं होतं. 'ऐकलंस का'च्या मागे पंचेचाळीस वर्षं त्यांनी काय दाबून ठेवलं होतं, ते त्या दुपारी भर हॉलमध्ये बाहेर पडलं. आई रडत होती आणि बाबा तिच्या गुडघ्यावर थोपटत तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, जणू पुन्हा हरवेल म्हणून. मी ताईंकडे बघितलं. त्याही रडत होत्या. तक्त्यावर त्यांनी कुठल्याच रकान्यात खूण केली नाही.

सोमवारी त्यांनी मला बोलावून, अभ्यासक्रमाची जी पुस्तिका छापायची होती तिच्यातला आठवा पाठ मागितला. त्यात 'उपयुक्त शब्दसंग्रह' होता. पाणी, औषध, दिवा, संडास अशी चाळीस शब्दांची यादी मी दोन स्तंभांत सुबक बसवली होती. ताईंनी ती आडवी रेघ मारून कापली. हे शब्द आपल्या सोयीचे आहेत, त्यांच्या नाहीत, असं म्हणाल्या. मग या पानावर काय छापू, मी विचारलं. काही नको. नुसती एक ओळ आखून ठेव, घरात जो शब्द परत येईल तो घरच्यांनी स्वतः लिहायचा. छापखान्यात कोरं पान म्हणजे चूक, लोक पुस्तिका परत आणून देतील, असं मी पुष्कळ सांगून बघितलं. त्यांनी नेहमीइतका वेळ घेतला आणि नाही म्हणाल्या. आठवा पाठ तसाच छापला आहे, एका रेघेचा.

यंदाच्या श्रावणात, दुपारी आडव्या झालेल्या ताई उठल्याच नाहीत. नवव्या दिवशी मी आणि आई त्यांच्या बाल्कनीत गेलो, दोऱ्या सोडल्या, पुठ्ठे घरी आणले. वर्ग बंद करायचा विचार माझ्या मनात आला होता, खोटं कशाला सांगू. आईनं तो ऐकूनसुद्धा घेतला नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी नवी तुकडी आली, सात घरांची, तेच घाबरलेले चेहरे, आणि जिभेचे व्यायाम कधी, हाच प्रश्न. दुसरा पाठ आता आई घेते. हजेरीच्या वहीत शिकवणाऱ्यांनीही नाव लिहायचं, हा ताईंचा नियम. आईनं चष्मा लावला आणि बहात्तराव्या वर्षी, बाळबोध वळणाच्या अक्षरात, सावकाश लिहिलं: इंदू. त्याच्या खाली मी माझं लिहिलं.

मग एका बाईनं विचारलं, हा अभ्यासक्रम कुणी रचला? ताईंनी, असं मी म्हणणार होते, पण त्या नव्या माणसांना ताई म्हणजे कोण, ते कसं कळणार? आणि माझ्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत मी त्यांचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. उभं राहून मी ते सगळ्यांसमोर घेतलं: शरयू. काळ माणसाला घेऊन जातो आणि त्याच्या आठवणीही एकेक करून नेत राहतो. पण त्याचं नाव घेणारं कुणी आहे, तोवर ते माणूस पुरतं गेलेलं नसतं.